एकाच नसेवर

२ फेब्रुवारी, रविवार

आधी दुरुस्ती. मंगळवारी मी लिहिलं होतं की बाबांनी आनंदाबाईंच्या वावरात बोअरची जागा दाखवली आणि नेहमीसारखा नारळ खुणेच्या दगडापाशी ठेवला. हे चूक आहे. नारळ आमच्या घरात आहे. आज कोनाडा पुसताना पणतीच्या मागे सापडला. शेंडीला आनंदाबाईंनी बांधलेला लाल धागा तसाच आहे.

म्हणजे मी न पाहता लिहिलं. दरवेळी जे होतं तेच झालं असणार, असं धरून चालले.

भागीरथा आत्या सांगायची, दुरुस्ती लिहिताना वाचणाऱ्याला काहीच माहीत नाही असं समजून लिहायची. दम्यामुळे मला दहाव्या वर्षापर्यंत शाळेत घातलं नव्हतं, तेव्हा अक्षरं, पाढे आणि ही सवय तिनेच लावली. म्हणून पूर्ण लिहिते. माझे बाबा, रूपराव, पायाळू आहेत. जन्मताना डोक्याऐवजी पाय आधी आले. अशा माणसाला जमिनीखालचं पाणी कळतं, असं आमच्याकडे मानतात. बाबा तळहातावर नारळ आडवा ठेवून वावरभर चालतात. खाली पाणी असेल तिथे नारळ उभा राहतो. याचे पैसे ते घेत नाहीत. नारळ शेतमालकाचा असतो आणि तो त्या जागीच ठेवायचा. बोअरला पाणी लागलं की तोच फोडून खोबरं वाटायचं. बाबांनी नारळ परत घरी आणल्याचं मी कधी पाहिलेलं नाही.

आणखी एक दुरुस्ती. नारळ बाभळीपाशी उभा राहिला, असं मी लिहिलं. खरं तर तो त्याआधी धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, निंबाजवळ उभा राहिला होता. ते मी डोळ्यांनी पाहिलं. बाबा तिथे थांबले नाहीत. तसेच खाली चालत गेले आणि बाभळीपाशी म्हणाले, "इथं." तिथे नारळ उठला का, ते मला दिसलं नाही. त्यांची पाठ माझ्याकडे होती.

विचारलं तर म्हणाले, "राह्यला हातात. विसरलो."

विसरायला लागले असतील तर काळजीची गोष्ट आहे.

६ फेब्रुवारी, गुरुवार

आनंदाबाईंचा बोअर कोरडा गेला.

बोअर पाडायची गाडी सकाळी आली. आनंदाबाईंनी पाइपला हळदकुंकू लावलं. त्यांचे मालक वारले त्याला तीन वर्षं झाली, वावर त्या एकट्याच पाहतात. बोअरसाठी दुभती गाय विकली. बाभळीखाली नुसता पांढरा फुफाटा निघत राहिला. शेजारच्या तुरीवर बसला, आमच्या केसांत बसला. गाडीवाला अधूनमधून मूठभर भुकटी हातात घेऊन बोटांनी चोळायचा आणि मान हलवायचा. दुपारनंतर त्याने मशीन बंद केलं.

आनंदाबाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मी त पावडर लावल्यावानी दिसून राह्यली असंन, नाई?" आणि पदराने तोंड पुसलं.

बाबा आले नाहीत. पोट दुखतं म्हणाले. आपल्या खुणेवर बोअर होताना ते आजवर कधी गैरहजर राहिले नव्हते. संध्याकाळी ओवा दिला तर नको म्हणाले.

१० फेब्रुवारी, सोमवार

गावात सगळीकडे हाच विषय. बाबांची खूण कोरडी जाण्याची ही पहिलीच वेळ.

मला सारखं वाटतं की माझाही काही संबंध आहे, पण काय तो सापडत नाही. ग्रामपंचायतीने मला जलसुरक्षक केल्यापासून काही लोक बाबांना चिडवतात, "तुमची पोरगी टेपानं पाणी मोजते अन् तुम्ही नारळानं." माझं काम साधं आहे. ज्या विहिरीचं पाणी गावच्या नळांना जातं, त्या विहिरीत दर महिन्याला टेप सोडायचा, पाणी किती खोल गेलं ते पंचायतीच्या फळ्यावर लिहायचं.

दिवाळीत मी गावच्या नकाशावर सगळे बोअर टाकले होते. बाबांनी दाखवलेले लाल, बाकीचे निळे. निळे कुठेही विखुरलेले होते आणि त्यातले बरेच आटलेले. लाल मात्र टेकडीपासून खाली एका रेघेत आले. रेघ आमच्या गोठ्यामागून, दुकानदार ताराचंदशेठच्या संत्र्याच्या बागेतून, बाग आणि आनंदाबाईंचं वावर यांच्या मधल्या धुऱ्यावरच्या निंबाजवळून जाते आणि थेट नळाच्या विहिरीवर टेकते. प्रशिक्षणात सांगितलं होतं की खडकाला अशी लांब भेग असते आणि पाणी तिच्यातूनच चालतं. मी उत्साहाने बाबांना दाखवलं. म्हटलं, तुमचा नारळ एकदाही चुकला नाही, आणि विहीर दर उन्हाळ्यात आणखी खाली जाते त्याचं कारण हेच आहे.

बाबांनी रेघेवरून बोट फिरवलं. "एकाच नसेवर सारे," एवढंच म्हणाले. जेवायला बसले तर भाकर तशीच राहिली.

त्यांना बरं वाटेल असं मला वाटलं होतं. मी त्यांची तारीफच करत होते.

घरचा उन्हाळी भुईमूग चांगला उगवलाय. आमच्या बोअरला पाणी कधी कमी पडत नाही. बाबांनी दाखवलेला पहिला बोअर तोच.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

ताराचंदशेठचाही कोरडा गेला. मागच्या आठवड्यात त्यांनी बाबांना बागेत बोलावलं होतं. जुन्या बोअरवर सगळी झाडं भागत नाहीत, आंबिया बहार, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीतला मोहोर, झाडावर आहे. बाबांनी बागेच्या वरच्या टोकाला, रेघेपासून बरीच लांब, जागा दाखवली. काल गाडी आली. पुन्हा फुफाटा.

आज दुकानात साखर आणायला गेले. शेठ गल्ल्यावर होते. चार माणसं बाकावर बसली होती.

"ये वर्षाली. काऊन, तुह्या बापाचा नारळ नासला का?"

मी साखरेसाठी पिशवी पुढे केली.

"आपल्याकडं ताजा माल आहे, पाहाय. रूपरावभाऊले सांगजो, आता घेऊन जायचा त तारीख पाहून घेऊन जाजो. एक्स्पायरी झालेला नारळ घेऊन फिरून राह्यला बुवा."

बाकावरची माणसं हसली. मी साखर घेतली आणि उरलेले सुटे घ्यायचे राहिले. परत जायचं धाडस झालं नाही.

बाबांना सांगितलं नाही. त्यांना कळलंच असणार. संध्याकाळी पारावर गेले नाहीत.

३ मार्च, सोमवार

बाबांना सावंगीच्या दवाखान्यात नेलं. त्यांचा उजवा हात गेला असेल, नस दबली असेल, असं मी ठरवून टाकलं होतं. विसरणं, जेवण कमी, नारळ चुकणं, सगळं जुळत होतं. ते आढेवेढे घेत होते. आत्याने दटावलं तेव्हा निघाले.

डॉक्टरीण माझ्याच वयाची असेल. तिने बोटं मिटायला लावली, उघडायला लावली, सुई टोचून विचारलं, छोट्या हातोडीने कोपरावर ठोकलं. मग म्हणाली, "काकांच्या नसा एकदम चांगल्या आहेत. काही दोष नाही."

बाबा हसायला लागले. दवाखान्यात नाही, बाहेर आल्यावर. आर्वीच्या बसमध्ये खिडकीशी बसून हसतच होते.

"बाबा, काय झालं?"

"काही नाई. चांगली हाय म्हणते नस. अशीच राहू दे म्हणा तिले."

हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. शेजारची बाई पाहायला लागली. मला फार लाज वाटली आणि नंतर लाज वाटल्याचीही लाज वाटली. दोष हातात नसेल तर मग डोक्यात असेल का? हे मी आत्याला विचारलेलं नाही. लिहायलाही नको होतं, पण लिहिलं आहे तर खोडत नाही.

१९ मार्च, बुधवार

ताराचंदशेठनी अमरावतीहून मशीनवाला आणला. दोन सळया जमिनीत रोवतो, वायर लावतो, डबीवरचे आकडे पाहतो. दिवसभर बागेत फिरला आणि शेवटी निंबाच्या शेठकडच्या बाजूला चुन्याने फुली मारली. आज तिथे बोअर झाला. पाणी असं उसळलं की निंबाच्या खालच्या फांद्या ओल्या झाल्या. पोरं त्याखाली नाचली. शेठनी नारळ फोडला, खोबरं वाटलं, आमच्या घरीही एक वाटी पाठवली.

बाबांनी ती गाईला दिली.

मी नोंद घ्यायला गेले होते. सगळे पांगल्यावर निंबाखाली उभी राहिले. मंगळवारी, २८ जानेवारीला, आनंदाबाईंच्या वावरात बाबांच्या हातातला नारळ उभा राहिला ती जागा निंबाच्या या बाजूला आहे. मधे फक्त झाडाचा बुंधा. लोक म्हणतात तसा बाबांचा हात गेला असेल, तर नारळ बरोबर तिथे कसा उभा राहील?

घरी आल्यापासून हा प्रश्न विचारायचा आहे. दोनदा ओसरीपर्यंत गेले आणि परत आले.

२ एप्रिल, बुधवार

विहिरीत टेप सोडला. तळाजवळची दगडाची कड उघडी पडली आहे. आत्या म्हणते, ती कड तिने एकदाच पाहिली होती, सासर सोडून परत आली त्या वर्षी, आणि तेव्हा मे सरत आला होता. आता एप्रिल लागलाय.

सरपंच सुलोचनाबाई फळ्यासमोर उभ्या राहिल्या. "मे निघंन का वं?"

"नाही निघणार."

"मंग लिहितं काऊन? लोकं घाबरतीन."

"लिहावंच लागते, काकू."

"लिही बाई. टँकरचं मी पाहतो. नळ आता तीन दिवसांआड सोडू."

फळ्यावर लिहिताना खडू तुटला. शेठचा बोअर दिवसरात्र चालतो, आणि आमचाही भुईमुगासाठी चालतो. फळ्यावर मात्र फक्त विहीर लिहायला जागा आहे.

११ एप्रिल, शुक्रवार

आज विचारलं. बाबा गोठ्यात दावं वळत होते.

"बाबा, बाभळीखाली पाणी नाही हे तुम्हाला माहीत होतं का?"

दावं वळणं थांबलं नाही.

"निंबाखाली होतं हे माहीत होतं?"

"नारळानं सांगतलं न. तू त पाहून राह्यली होती."

"मग काऊन असं केलं?"

"तूच दाखवलं कागदावर. एकाच नसेवर सारे बोअर. सारे माह्याच हातचे. मी चालत गेलो अन् गावाची विहीर रिकामी करत गेलो." मग म्हणाले, "आता त्या नसेले हात नाई लावू द्यायचा, असं ठरवलं."

"मग नाही म्हणायचं होतं. मला जमत नाही म्हणायचं."

"नाई म्हटलं की माणूस दुसऱ्याले आणते. कोरडा बोअर पाह्यला की भेते. दोन कोरडे गेल्यावर तिसऱ्या कोणी गाडी बोलावलीच नसती." थोड्या वेळाने, "शेठनं मशीन आणली. मशीनले काय समजते."

"आनंदाबाईंनी गाय विकली, बाबा."

त्यांनी दाव्याचा पीळ आवळला. "तिचं पहिले आलं. शेठचं पहिले आलं असतं त बरं झालं असतं."

आणि मला विचारायचं नव्हतं ते तोंडातून गेलं. "आणि आपला भुईमूग?"

त्यांनी दावं खाली ठेवलं आणि उठून बाहेर गेले.

मी डॉक्टरिणीकडे नेलं तेव्हा ते का हसले, ते आज कळलं. त्यांना मी वेडं ठरवत होते. दिवाळीत नकाशा दाखवताना मी एवढंच पाहिलं की रेघ किती सरळ आली आहे. ती पाहून माणूस काय करेल, हे मनातही आलं नाही.

१३ एप्रिल, रविवार

आत्याला सांगितलं. तिला माहीत होतं. कोनाड्यात नारळ पाहिला त्याच दिवशी तिने ओळखलं होतं. "खोट्या जागेवर देवाचा नारळ ठेवायची हिंमत नाई झाली त्याची," म्हणाली.

मी म्हटलं, हे आनंदाबाईंना सांगायला हवं.

"कायले? गाय येनार हाय का परत?"

"तूच म्हणायची, चूक दिसली की आधी दुरुस्त करायची, मग जेवायचं."

"वहीतली चूक वेगळी, भावाची वेगळी." आणि माझ्या ताटात वरण वाढलं. "जेव."

मी जेवले. हेही लिहून ठेवते.

२० एप्रिल, रविवार

आनंदाबाई येऊन गेल्या. त्या आता शेठच्या बागेत झाडांना आळी करायला मजुरीने जातात. त्यांच्याच धुऱ्याला लागून शेठचा बोअर चालतो आणि त्यांचं वावर उघडं पडलंय.

येताना कसली तरी पाल्याची पुडी आणली. "भाऊच्या हाताले लावजो. माह्या माहेरी लावते, नस मोकळी होते."

बाबा आत होते. बाहेर आले नाहीत.

मी पाणी दिलं. त्या अर्धंच प्यायल्या आणि उरलेलं तुळशीत ओतलं. गावात आता सगळे असंच करतात.

मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "एक सांगतो वर्षाली, कोनाले सांगू नको. भाऊचा हात माह्यानं गेला."

"म्हणजे?"

"माह्या हातचा नारळ घेतला न त्यायनं. मालक गेल्यावर म्या कोन्या शुभ कामात नारळाले हात लावला नव्हता. त्या दिवशी दुसरं कोनी नव्हतं घरी, म्हून मीच धागा बांधला, मीच देल्ला. तवापासून भाऊचा एक बी नारळ खरा नाई निघाला. अन् आता विहीर बी चालली."

"असं काही नसतं, काकू."

"तू शिकलेली. तुले नसन वाटत." त्या हसल्या. "या अक्षयतीजेले मी घागर भराले नाई येत विहिरीवर. मालकाच्या नावाची घागर घरीच मांडीन, रांजणातल्या पान्यानं. माह्या पायानं आनखीन काही व्हायले नको."

त्या गेल्यावर बाबा ओसरीवर आले. पुडी उचलली, वास घेतला आणि परत ठेवली. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

मी त्यांच्याकडे पाहत राहिले. मला वाटलं ते काही बोलतील. ते गोठ्याकडे गेले.

२४ एप्रिल, गुरुवार

काही लिहिण्यासारखं नाही. नळ आला नाही. झोप नाही.

२७ एप्रिल, रविवार

एक मेला, गुरुवारी, ग्रामसभा आहे. मी नकाशा मांडणार हे सुलोचनाबाईंना सांगून आले. काय मागणार तेही सांगितलं. टेकडीपासून विहिरीपर्यंतच्या त्या रेघेवर यापुढे नवीन बोअर नको. आहेत ते उन्हाळ्यात ठरवून चालवायचे, विहीर भरेल इतकी सवड ठेवून. आणि पुढच्या वर्षीपासून ऑक्टोबरात विहिरीत पाणी पाहायचं, मग ठरवायचं की गव्हाला किती आणि उन्हाळी पिकाला किती. आधी पेरून मग पाणी शोधायचं नाही.

त्या म्हणाल्या, "शेठ मान्य नाई करनार."

"पहिला बोअर आमचा आहे. आमच्यापासून सुरू करू."

"रूपरावभाऊले विचारलं?"

विचारलं नव्हतं. घरी येऊन सांगितलं. भुईमूग अजून महिनाभर उभा राहायचा आहे. पाणी बंद केलं तर शेंगा भरणार नाहीत. बाबा म्हणाले, "करा काय करायचं ते." त्यात राग होता की सुटल्यासारखं वाटत होतं, मला ओळखता आलं नाही. हल्ली त्यांच्याबाबत मी काही ओळखलं असं म्हणायला भीती वाटते.

मग मी दुसरी गोष्ट सांगितली. आनंदाबाईंना खरं काय ते सांगायची.

"सांगशील त गावात माह्या हातचं कोनी पानी बी नाई घेनार," बाबा म्हणाले. "कोरडा निघाला ते चालते. खोटं सांगतलं ते नाई चालत."

मी म्हटलं, हो.

"अन् तिले काय मिळनार त्याच्यातून?"

हाच प्रश्न मी आठवडाभर स्वतःला विचारत होते. गाय मिळणार नाही. बोअरला पाणी लागणार नाही, आणि आता त्या रेघेवर मी कुणाला बोअर घेऊही देणार नाही, त्यांनाही नाही. पावसाळ्यानंतर आमच्या बोअरवरून त्यांच्या वावरात पाइप टाकता येईल, पाणी दोन घरांत वाटून. तेही बाबा आणि आत्या हो म्हणाले तर, आणि नस तोवर जिवंत राहिली तर. उन्हाळ्याचं मला खात्रीने काहीच सांगता येत नाही.

पण त्या विहिरीवर जाणार नाहीत म्हणाल्या. आपल्या हाताने गावाचं पाणी गेलं असं त्या समजतात आणि रोज तेच मनात घेऊन शेठच्या बागेत आळी करतात. त्यांचा हात चांगला होता. नारळ त्यांच्या हातचा होता आणि निंबाखाली तो खरा उभा राहिला. एवढं तरी त्यांचं त्यांना परत द्यायला हवं.

ग्रामसभेत सांगून चालणार नाही. चारचौघांत ऐकायला लागू नये. आणि ग्रामसभा गुरुवारी आहे, तोवर घागर घरीच मांडून झालेली असेल.

आत्या दिवसभर माझ्याशी बोलली नाही. आता संध्याकाळी तिने कोनाड्यातला नारळ काढला, पदराने पुसला आणि माझ्यासमोर ठेवला. मी कानाशी धरून हलवला. आत पाणी वाजत नाही. लाल धागा मात्र पक्का आहे.

बाबा येतील की नाही ते त्यांनी सांगितलेलं नाही. नाही आले तर मी एकटी जाईन. बुधवारी, ३० एप्रिलला, अक्षय तृतीयेच्या सकाळी, बाया घागरी घेऊन विहिरीकडे निघायच्या आधी.